बोट न लावता वाच

प्रिय धाकट्या,

फोनवर तू तीनच शब्द बोलतोस. 'हो', 'बरं' आणि 'ठेवतो'. त्यातला 'ठेवतो' तर मी 'कसा आहेस' विचारायच्या आतच येतो. म्हणून या वेळी फोन नाही, पत्र. सूनबाई तुला ते वाचून दाखवेल. तिला म्हणावं, दुपारची कामं आटपून स्वस्थ बस आणि जसं लिहिलंय तसंच वाच. मधलं काही गाळू नकोस आणि पदरचं काही घालू नकोस. ओळी वरखाली गेल्या असतील, एखादी दुसरीच्या अंगावर चढली असेल. मी ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरून लिहितेय. असं का, ते सांगतेच. काळजीचं कारण नाही. दोन वेळा जेवते, बागेपर्यंत चालत जाते आणि दात सोडले तर सगळं जागच्या जागी आहे. म्हणजे, आणखी एक गोष्ट सोडून.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या शाळेचा बक्षीस समारंभ होता. निवृत्त होऊन एकवीस वर्षं झाली तरी मला बोलावतात आणि बक्षिसांची यादी वाचायला देतात. मी चष्मा लावला, कागद हातात धरला आणि थांबले. कागदावर ओळी होत्या, शब्दाशब्दांत जागा होती, पण अक्षरं आपली नव्हती. कुठल्यातरी लांबच्या देशातली असावीत तशी, नुसती वेटोळी आणि काड्या. मला वाटलं, यादी देणाऱ्या बाईंनी चुकून भलताच कागद दिला. उलटा धरून पाहिला. मागच्या फळ्याकडे पाहिलं. तिथे दर वर्षीप्रमाणे स्वागताचं काहीतरी लिहिलेलं असणार. तिथेही तेच. समोर चारशे पोरं, त्यांचे आईबाप, आणि मी माइकपुढे. मग मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "यंदा जरा वेगळं करू. आपलं नाव या यादीत असायला हवं असं ज्याला वाटतं, त्याने उभं राहून नाव सांगायचं आणि कशासाठी तेही सांगायचं." अर्धं सभागृह उभं राहिलं. एक जण म्हणाला, मी वर्षभर वर्गातल्या कुंडीला पाणी घातलं. एक मुलगी म्हणाली, मी दोघींचं भांडण मिटवलं आणि मग त्या दोघी मिळून माझ्याशी भांडल्या. बक्षिसं होती बावीस, कार्यक्रम लांबला दोन तास. शिक्षक कपाळाला हात लावून बसले. पालक म्हणाले, बाई या वयातही काय एकेक काढतात. मी हसत होते आणि टेबलाखाली त्या कागदाची आणखी बारीक घडी घालत होते.

घरी आले. स्वयंपाकघरात बरण्यांवर मीच चिकटवलेल्या चिठ्ठ्या आहेत. एकही वाचता येईना. मीठ आणि साखर चाखून ओळखली. धुण्याचा सोडाही चाखला, तो मात्र चाखायला नको होता. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणजे एवढीशी पोरगी, अजून कॉलेजात असावी असं वाटेल. तिने चित्रं दाखवली. किल्ली, छत्री, कोंबडा. सगळी पटापट ओळखली. मग तिने हातात पेन्सिल दिली आणि म्हणाली, मनात येईल ते एक वाक्य लिहा. मी सरसर लिहिलं, 'मला वाचता येईनासं झालं आहे आणि हे फारच विचित्र आहे.' तिने कागद बाजूला ठेवला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि थोड्या वेळाने तोच कागद पुढे करून म्हणाली, वाचा. धाकट्या, माझंच अक्षर. पाच मिनिटांपूर्वी लिहिलेलं. आणि मला त्यातलं एक अक्षरही लागेना!

मला हसू फुटलं. ती म्हणाली, "आजी, तुम्ही हसताय?" मी म्हटलं, "अगं, मग काय करू? लिहिता येतं आणि वाचता येत नाही. म्हणजे विहिरीत पोहरा सोडता येतो आणि वर ओढता येत नाही? असं कसं होईल? आधी मला हे सांग." तिने समजावून सांगितलं. डोक्यात मागच्या बाजूला बारीकशी गुठळी होऊन गेली. डोळे शाबूत आहेत, शब्द शाबूत आहेत, पण दोहोंमधला रस्ता खचला. लिहिणं दुसऱ्या वाटेने जातं, ती वाट उघडी आहे. उजव्या अंगाचं थोडं अंधूक दिसतं, तेही त्यातलंच. गोळ्या चालू आहेत. वाचणं परत येईल का, तर थोडं येईल, कदाचित, सरावाने. "घाबरला नाहीत का?" असं तिने जाताना विचारलं. मी म्हटलं, घाबरेन सवडीने, आधी समजून तर घेऊ दे. तिसऱ्या दिवशी सवड मिळाली तेव्हा पोटभर घाबरले. पण ते जाऊ दे.

तर हे असं आहे. मी हे पत्र लिहू शकते, पण मला ते वाचता येणार नाही. म्हणजे लिहिणारीला वाचता येत नाही आणि ज्याला लिहिलं त्यालाही नाही. टपालखात्याच्या हातून असलं पत्र पहिल्यांदाच जात असेल. मागे जाऊन काय लिहिलं ते बघता येत नाही, तेव्हा एखादी गोष्ट दोनदा आली तर सूनबाईने ती दोनदा वाचावी.

बाबा मला कावळी म्हणायचे, आठवतं? दिवसभर 'का? का?' चालायचं म्हणून. गाय बसताना आधी पुढचेच पाय का मोडते? विहिरीचं पाणी थंडीतच कोमट का लागतं? कांदा चिरणाऱ्याला रडवतो, मग लावणाऱ्याला का नाही? बाबा दोन प्रश्नांना उत्तर द्यायचे, तिसऱ्याला म्हणायचे, "उड आता." ती कावळी गेले दोन महिने पुन्हा जागी झालीय. मी स्वतःवरच प्रयोग करते. डोळे मिटून लिहिलं तर ओळ जास्त सरळ येते. आकडे बहुतेक कळतात, घड्याळ कळतं. आरशात धरलेला कागद तितकाच परका दिसतो. हे सगळं मी एका वहीत नोंदवते. वही भरत आली. उपयोग शून्य, कारण वाचणार कोण?

तुझे भाऊजी असते तर त्यांना फार गंमत वाटली असती. त्यांचा जन्म छापखान्यात गेला. शिशाचे खिळे जुळवायचे, सगळी अक्षरं उलटी, उजवीकडून डावीकडे. त्यामुळे त्यांना कुठल्याही बाजूने वाचता यायचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी टेबलावर वह्या तपासत होते, ते समोरून म्हणाले, "तिसऱ्या ओळीतली चूक राहिली." उलट्या वहीतली! ते म्हणायचे, "तुम्ही मास्तर लोक सरळच वाचता. म्हणून तुम्हाला कागदाची एकच बाजू ठाऊक." तेव्हा मी हे हसण्यावारी न्यायचे. आता, ते जाऊन अकरा वर्षं झाल्यावर, त्यांना म्हणावंसं वाटतं, या जरा, बसा समोर, दुसरी बाजू दाखवा.

एकेचाळीस वर्षं मी वाचायला शिकवलं. पहिली शाळा पिठाच्या गिरणीच्या वरची खोली होती. गिरणी चालू झाली की जमीन थरथरायची आणि पोरांच्या पाटीवरचे उकार आपोआप लांबायचे. मी महिनाभर त्यांना रागावत होते. मग एक दिवस स्वतः पाटीवर लिहायला बसले, तेव्हा कारण कळलं. पोरांच्याच आईबापांना हाताशी धरून एक जुनं गोदाम मिळवलं, बाकं डोक्यावरून वाहून नेली. नंतर वीटभट्ट्यांजवळची मोठी शाळा, चौदा वर्षं मुख्याध्यापिका. भट्टीवरच्या बायकांसाठी चार ते सहाचा वर्ग. त्या भाजी निवडत बसायच्या आणि निवडता निवडता अक्षरं शिकायच्या. वजनकाट्याच्या पडक्या शेडमध्ये वाचनालय काढलं, ते अजून चालू आहे. हे मी मिरवायला सांगत नाही. सांगते अशासाठी की इतकी वर्षं मला वाटायचं, वाचणं म्हणजे चालण्यासारखं. एकदा आलं की आलं, आणि ज्याला येत नाही तो पाय उचलायचा कंटाळा करतो.

आता लोकांपासून लपवायला मी काय करते, माहीत आहे? टपालवाल्याने पाकिटावरचं नाव वाचायला सांगितलं, तर माझ्या तोंडून निघालं, "अगंबाई, चष्मा विसरले." आणि मी दारातच थिजले. हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. शाळेत प्रगतिपुस्तकावर सही करायला येणारे किती बाप हेच म्हणायचे. मी त्यांना चष्म्याला दोरी लावायचा सल्ला द्यायचे. आणि तू! नऊ वर्षं दूध सोसायटीचा अध्यक्ष होतास. एका सभेला मी आले होते. कागद पुढे आला की तू खिसे चाचपून म्हणायचास, "चष्मा विसरलो, तुम्हीच वाचा मोठ्याने." मी मागे बसून मनात म्हणत होते, किती विसरभोळा आहे हा. अरे, तुझ्याकडे चष्माच नव्हता. आजही नाही. आपल्या घरात काय चाललंय, ते मला एवढ्या सभेत एकटीला कळलं नव्हतं.

तुझी दोन्ही पोरं माझ्याकडे राहून शिकली. आमच्या घरात स्वतःचं पोर नव्हतं, पण पोरांचा तुटवडा कधी नव्हता. एका वेळी सात-सात जण जेवायला असायचे. तुझ्या लेकाला गणित चढायचं नाही, तुझ्या लेकीला भूगोल. दोघांना भाऊजी उलट्या बाजूने शिकवायचे. तू दर महिन्याला यायचास. खांद्यावर कांद्याचं पोतं, पायात शेतातलाच जोडा. शाळेच्या फाटकापर्यंत यायचास आणि तिथून हाक मारायचास. माझ्या निरोपाच्या समारंभाला मी पहिल्या रांगेत तुझ्यासाठी खुर्ची राखली होती. भाषणं झाली, हार झाले, खुर्ची रिकामीच. बाहेर येऊन बघते तर तू फाटकाची निखळलेली बिजागरी बसवत होतास. म्हणालास, "कधीची कुरकुरत होती." मी सगळ्यांना कौतुकाने सांगितलं, माझा भाऊ असा कामसू. एकेचाळीस वर्षांत माझा सख्खा भाऊ माझ्या शाळेच्या उंबऱ्याच्या आत एकदाही आला नाही. ऊठसूट 'का' विचारणाऱ्या बाईला एवढी एक गोष्ट विचारावीशी वाटली नाही.

आता महिन्यापूर्वीचं सांगते. मी वाचनालयात परत आलेली पुस्तकं रचत बसले होते. वाचता येत नसलं तरी उंचीप्रमाणे रचता येतात. एका जुन्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर नाव उठावाचं होतं, ठशाने दाबून काढलेलं. सहज त्यावरून बोट फिरलं. आणि बोट म्हणालं, 'म'. खरंच सांगते, डोळ्यांना नुसतं वेटोळं दिसत होतं आणि बोटाला 'म' कळत होता. पुढे सरकले. 'ध'. मग 'मा', मग 'शी'. 'मधमाशी'! मी डोळे मिटून घेतले आणि त्या एका शब्दावरून दहा वेळा बोट फिरवलं. घरी धावत आले म्हटलं तरी चालेल. छापील अक्षरांना उठाव नसतो, पण त्यांच्या वळणावरून बोट गिरवलं तरी कळत होतं. पंधरा मिनिटं खपून मी महिन्याभरातली पहिली अख्खी ओळ वाचली. गोळ्यांच्या खोक्यावरची होती, 'थंड व कोरड्या जागी ठेवावे.' धाकट्या, जन्मात इतकं सुंदर काही वाचलं नसेल असं मला वाटलं. डॉक्टरीण म्हणाली, हाताची आठवण शाबूत आहे, आजी, बोट सोडू नका.

बोट सोडू नका. ती सहज बोलून गेली. मी मात्र घरी येऊन खुर्चीत बसले ती उठलेच नाही. कारण माझ्या शाळेत, प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर, रंगाऱ्याकडून मोठ्या अक्षरांत मी एक वाक्य लिहवून घेतलं होतं. 'बोट न लावता वाचावे.' अध्यापनाच्या प्रशिक्षणात आम्हाला तसंच शिकवलं होतं, बोटाने वाचण्याचा वेग मरतो म्हणून. पण मला ते तिथे शिकवायची गरजच नव्हती. मी ते आधीपासूनच करत होते. चाऱ्याच्या खोलीत, तुझ्यावर.

तू आठ वर्षांचा, मी चौदाची. तुला शिकवायचं काम बाबांनी माझ्याकडे दिलं होतं. तुला अक्षर आधी बोटाने काढायला लागायचं. धुळीत, दुधाच्या कॅनवर जमलेल्या दवावर, तांबड्या गाईच्या ओल्या पाठीवर. गाईच्या पाठीवर तू 'ख' काढायचास आणि ती कातडी थरथरवून पुसून टाकायची, तेव्हा तू हसायचास. बोट फिरवलं की तुला यायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि मी पट्टी घेऊन तुझं बोट बाजूला करायचे. "बोट न लावता वाच. डोळे कशाला दिलेत?" मग 'खत' चं तू 'रवत' वाचायचास आणि मला विचारायचास, "ताई, रवत म्हणजे काय गं?" मी हसून हसून आईला बोलावून आणायचे. 'घर' चं 'धर' व्हायचं, 'भात' चं 'मात'. पट्टी किती वेळा लागली ते मला आठवत नाही. तुला आठवत असेल. आधी तू बोट लावायचं सोडलंस, मग वाचायचं, आणि मग वर्गात बोलायचंच सोडलंस. शब्द मोजून वापरायची तुझी सवय त्याच दिवसांतली, हे मला परवा-परवा लक्षात आलं.

आता जे लिहिते, ते तुला माहीत आहे. तुला माहीत आहे, हे मलाही माहीत आहे, आणि आपण दोघं त्याच्या आजूबाजूने चौसष्ट वर्षं चालत आलो. मी सतराची होते. अध्यापन विद्यालयाचं पत्र आलं होतं, दोन वर्षं तिकडेच राहायचं. सकाळी गोठ्यात बाबा धार काढत होते, तू कोपऱ्यात वासरू बांधत होतास, मी उंबऱ्यात उभी. बाबा मान न वळवता म्हणाले, "तू घरातली शिकलेली. सांग, याचं डोकं आहे का शाळेत? असेल तर राहू दे. पण मग तुझं..." आणि थांबले. नुसती दुधाची धार बादलीत पडत राहिली. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, पण मी केलं. दोघंही शाळेत गेलो तर शेतावर हात कुणाचे? कुणीतरी एकाने राहायला हवं होतं. मी म्हटलं, "नाही बाबा. याचं डोकं नाही. उगाच वर्षं वाया जातील." तू दाव्याची गाठ नीट मारून झाल्यावर पाण्याची बादली उचललीस आणि माझ्या शेजारून बाहेर गेलास. अंगाला अंग लागू नये म्हणून मी सरकले. दुसऱ्या दिवसापासून तू शाळेत गेला नाहीस. पंधरा दिवसांनी माझी ट्रंक डोक्यावर घेऊन थांब्यापर्यंत तूच आलास. अकरा वर्षांचा होतास, ट्रंक तुझ्याहून मोठी होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर तू म्हणालास, "गाडी आली."

तुझं डोकं नाही, असं मला तेव्हा खरंच वाटत होतं का? गेले काही आठवडे मी हाच प्रश्न घेऊन बसलेय. खोटं लिहून काय करू, मला तर ते परत वाचताही यायचं नाही. अर्धं खरंच वाटत होतं. उरलेलं अर्धं माझ्या सोयीचं होतं. माझी गिरणीवरची खोली, माझं वाचनालय, माझे एकेचाळीस वर्षांचे वर्ग, निरोपाचे हार, सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. आणि ज्याच्याबद्दल ते वाक्य होतं, त्याने साठ गाई नुसत्या पाठीवरच्या ठिपक्यांवरून ओळखल्या. विहिरीचं इंजिन आवाजावरून दुरुस्त केलं. अडलेल्या गाईसाठी लोक तीन-तीन तास प्रवास करून ज्याला न्यायला येत, तो हाच डोकं नसलेला मुलगा. तू सुखाने जगलास, हे मी पाहिलंय. पण ते श्रेय सगळं तुझं. माझ्या वाक्याचा त्यात काही वाटा नाही, आणि मी तो लावून घेणार नाही.

हे आजच का लिहिलं, ते आता सांगते. परवा सकाळी तुझ्या लेकाचा फोन आला. त्याच्या लेकीबद्दल, भिंगरीबद्दल. तिच्या शाळेने बोलावून सांगितलं म्हणे, आठ वर्षांची झाली, झाडावर माकडासारखी चढते, वासरांची नावं ठेवते, पण पुस्तक उघडलं की तिचं पोट दुखतं. तिसरीत घ्यायचं की नाही, ते घरच्यांनी ठरवा. आणि तो मला म्हणाला, "आत्या, तू घरातली शिकलेली. एकदा तिला तपास आणि सांग, तिचं डोकं आहे का नाही. तू म्हणशील तसं करू." बिचाऱ्याला काय माहीत, तो कुणाचं वाक्य बोलतोय. मी 'कळवते' म्हटलं आणि फोनजवळच्या स्टुलावर बसून राहिले. सूनबाई, तू हे वाचते आहेस, म्हणून तुलाही सांगते, तुझ्या मुलीचा निकाल मी देणार नाही. हो असाही नाही, नाही असाही नाही. मी डॉक्टरणीला विचारलं, अशा मुलांना वेगळ्या तऱ्हेने शिकवणारे लोक आता आहेत, त्यांचा पत्ता मी आणतेय. पण त्याआधी एक काम आहे, आणि ते धाकट्या, तुझ्याखेरीज कुणाला जमणारं नाही. पुस्तकात आपल्याला काय दिसतं, हे आठ वर्षांच्या पोरीला सांगता येत नाही. तिला वाटतं, सगळ्यांना तसंच दिसतं आणि तीच एकटी ढ. मला सांगता येईल म्हणावं, तर माझं निराळं, मी मिळवलेलं हरवून बसलेय. तिच्यासारखं पहिल्यापासून पाहिलेला माणूस आपल्या घरात एकच आहे. मी माफी मागत नाही. माफी मागितली तर तू 'जाऊ दे गं' म्हणशील, गाईला पाणी दाखवायला उठशील आणि विषय मिटेल. म्हणून मी मागत नाही, विचारते. शुक्रवारी दुपारी येतेय, पिशवीत चार महिन्यांचे कपडे आहेत. भिंगरीला जवळ घेऊन ओट्यावर बस, आणि आम्हा दोघींना समजेल असं, हवा तितका वेळ घेऊन सांग. चाऱ्याच्या खोलीत, माझ्यासमोर पुस्तक उघडल्यावर, तुला काय दिसायचं रे?

उत्तर ऐकायला स्वतःच निघालेली,
तुझीच,
ताई